चौदा वर्षांची पालक

आमच्या डेपोत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. बसमधून कुणीही उतरताना, मग तो काठी टेकणारा म्हातारा असो की उड्या मारत जाणारं कॉलेजचं पोर, ते आरशात बघून एकच शब्द म्हणायचे, "सावकाश." त्यावरून ते झाले सावकाशराव. मी जवळजवळ पाच वर्षं त्यांच्या गाडीवर कंडक्टर होते. ड्रायव्हर-कंडक्टरचं जमलं नाही तर अख्खी ड्युटी दाढदुखीसारखी काढावी लागते. आमचं जमलं. इस्पितळापासून नदीपलीकडच्या वसाहतीपर्यंत दिवसाला आठ फेऱ्या, आणि दुपारी वसाहतीच्या थांब्यावर चाळीस मिनिटांची सुट्टी. त्या चाळीस मिनिटांत आम्ही डबे खायचो आणि एकमेकांच्या घरातलं बोलायचो. त्यांच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते बहुतेक तिथलंच.

आमची जोडी लागली त्याच्या आदल्या वर्षी त्यांची बायको गेली होती. तीन आठवड्यांचा ताप. पहिले दोन आठवडे कुणी मनावर घेतलं नाही आणि तिसऱ्यात घेऊन उपयोग नव्हता. मागे दोन मुली राहिल्या, थोरली नऊ वर्षांची आणि धाकटी दोन. मुलींची आत्या येऊन सहा महिने राहिली, पण तिलाही तिचा संसार होता. जाताना ती थोरलीला भात कधी उतरवायचा, दूध उतू जाताना काय करायचं, धाकटीचं अंग तापलंय की नाही हे पोटावर हात ठेवून कसं बघायचं, एवढं शिकवून गेली. बाकीचं थोरली आपलं आपण शिकली.

सावकाशराव सकाळी सातला घराबाहेर पडायचे आणि संध्याकाळी सातला परतायचे. कुणी आजारी पडलं तर त्याची जादा फेरीही घ्यायचे. दुःखाने माणसं दारूकडे जातात, हे ड्युटीकडे गेले. त्याबद्दल त्यांना कोण नावं ठेवणार? डब्यात रोज व्यवस्थित भाजी असायची, मीठ कमीजास्त नाही. शर्टाला इस्त्री असायची.

"थोरली आहे ना," ते म्हणायचे. "मला घरात बघावंच लागत नाही. धाकटीच्या वेण्या, डबा, अभ्यास, सगळं तीच. पोरगी नाही हो बाई, खांब आहे."

"नशीबवान आहात," मी म्हणायचे. असं मी एकदा नाही, शंभरदा म्हटलं असेल.

थोरलीला मी दोनतीनदा बघितलं होतं. एकदा ती वडिलांचा विसरलेला चष्मा द्यायला थांब्यावर आली होती. शाळेचा गणवेश, खांद्याला दप्तर, एका हातात धाकटीचं बोट, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. मी दोघींना लिमलेटची गोळी देऊ केली तर थोरली म्हणाली, "तिला देऊ नका काकू, तिची दाढ किडलीय." स्वतःची गोळी तिने खिशात टाकली. मला त्या वेळी कौतुकच वाटलं.

थोरली नववीत आणि धाकटी दुसरीत असताना एका दुपारी डेपोच्या टाइमकीपरने सावकाशरावांच्या हातात चिठ्ठी दिली. धाकटीच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला होता, पालकांनी आज भेटावंच, असं. शाळा आमच्या शेवटच्या थांब्यापासून पाच मिनिटांवर होती. ते चिठ्ठी दोनदा वाचून म्हणाले, "बाई, तुम्ही पण चला. शाळेत काय बोलतात मला माहीत नाही."

मला हसू आलं. "इतकी वर्षं जाताय की."

"मी कुठे? थोरली जाते."

त्याच शाळेत थोरलीही होती. धाकटीच्या पालकसभेला तीच आपल्या वर्गातून उठून जायची, आणि स्वतःच्या पालकसभेला "बाबा ड्युटीवर आहेत" म्हणून सांगायची. जुन्या शिक्षिकांनी ते चालवून घेतलं होतं. ह्या वर्षीच्या नव्या होत्या.

वर्ग रिकामा होता. शिक्षिका तरुण, बारीक, आवाज खालचा. आम्ही मुलांच्या बाकावर बसलो, सावकाशरावांचे गुडघे बाकाखाली मावेनात. शिक्षिकेने धाकटीची डायरी उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

"ही सही तुमची?"

त्यांनी वाकून बघितलं. त्यांचंच नाव होतं, त्यांच्यासारखंच शेवटच्या अक्षराला वळण देऊन. पण त्यांची नव्हती. शिक्षिकेने पानं उलटली. पानापानावर तीच सही.

"नाही," ते म्हणाले.

"मागच्या वर्षीच्या डायरीतही हीच आहे. पण मी त्यासाठी बोलावलं नाही." त्यांनी डायरी मिटली. "परवा धाकटीच्या तळहातावर वळ होते. पट्टीचे. मी विचारलं तर काही सांगेना. मग मी थोरलीला बोलावून विचारलं. तिने लपवलं नाही. म्हणाली, सातचा पाढा चुकत होता. मुलांना शिस्त लावावी लागते, मॅडम, नाहीतर ती हाताबाहेर जातात."

सावकाशरावांनी टोपी काढून बाकावर ठेवली.

"चौदा वर्षांची आहे ती," शिक्षिका म्हणाल्या. "मी तिचं हजेरीपुस्तक बघितलं. ह्या वर्षी एकेचाळीस दिवस गैरहजर. मी तारखा लावून बघितल्या. धाकटीला ताप, धाकटीची दाढ, धाकटीची सहल. गणितात ती नापास आहे, तुम्हाला माहीत आहे?"

माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली तेवढीच. त्या माणसाने आयुष्यात मुलींवर हात उचलला नव्हता, आणि त्यांच्या घरात एक पोर दुसऱ्या पोराला मारत होतं. कारण तिसरं कुणी तिथे नव्हतंच.

परतीच्या फेरीला त्यांनी इस्पितळाच्या अलीकडचा थांबा सोडला. माणसं हात करत होती, मी घंटी दिली, गाडी तशीच पुढे गेली. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी थांबा चुकवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मी पुढे जाऊन हळूच म्हटलं, "मागे राहिला." त्यांनी गाडी कडेला घेतली आणि दोन म्हाताऱ्या धापा टाकत येईपर्यंत थांबून राहिले. चिडून बोलत त्या चढल्या.

त्या संध्याकाळी घरी काय झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. डबा उघडला नव्हता.

ते घरात शिरले तेव्हा थोरली कणीक मळत होती आणि धाकटी तिच्यासमोर पाढे म्हणत होती. त्यांनी थोरलीला हात धुऊन बसायला सांगितलं. तिला वाटलं, सहीबद्दल बोलणी बसणार. ती आधीच बोलून मोकळी झाली. "तुम्ही नसता ना बाबा. आलात की दमलेले असता. डायरी सकाळी द्यायची असते. मग काय करणार?"

"तू काही चुकीचं केलं नाहीस," ते म्हणाले. "चुकलो मी."

"मारलं ते चुकलं," ती म्हणाली. "पण तिला पाढे येत नाहीत. पुढच्या वर्गात गेली नाही तर लोक म्हणतील, आई नाही म्हणून."

धाकटी मध्येच म्हणाली, "ताईला झोप येते तेव्हाच ती मारते. एरवी नाही."

सावकाशरावांनी मला सांगितलं ते एवढंच. डबा पिशवीत परत ठेवून ते गाडीत जाऊन बसले, सुटायला वीस मिनिटं बाकी असताना.

आठवड्याभरात त्यांनी अर्ज दिला. डेपोच्या यार्डात सकाळी सहा ते दोन अशी एक जागा होती. आलेल्या गाड्या धुवायला न्यायच्या, डिझेलला लावायच्या, रांगेत उभ्या करायच्या. दिवसभर शंभर पावलांच्या आत स्टेअरिंग फिरवायचं. कमरेतून गेलेले, नाहीतर डोळ्यांची तक्रार असलेले ड्रायव्हर तिथे टाकायचे. नदीचा रस्ता सेवाज्येष्ठतेने मिळतो, त्यांना तो अकरा वर्षांनी मिळाला होता. फोरमन म्हणाला, "अहो, चांगल्या गाडीवरून स्वतःहून कोण यार्डात येतं? एकदा आलात की परत मिळणार नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण मी दोनला सुटेन ना?"

डेपोत लोक कुजबुजले. काहींनी अपघात लपवल्याची शंका घेतली. मला मात्र मनातून राग आला. माझा चांगला ड्रायव्हर गेला आणि त्याच्या जागी आला एक धसमुसळा, जो ब्रेक मारला की उभी माणसं एकमेकांच्या अंगावर पाडायचा. पण त्याच आठवड्यात मी घरी जाऊन माझ्या मुलाला विचारलं. तो बारा वर्षांचा, रोज बहिणीला शाळेतून घेऊन यायचा, आणि मी त्याचीही चारचौघांत फुशारकी मारायचे. "तुला कंटाळा येतो का रे तिला आणायचा?" तो विचार करून म्हणाला, "नाही. पण गुरुवारी नको. गुरुवारी आमची मॅच असते." दोन वर्षं तो दर गुरुवारी मॅच सोडून येत होता. मी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून गुरुवारी आणायची सोय मी केली.

मला वाटलं, आता सावकाशरावांचं घर सुरळीत होईल. त्यांनाही तसंच वाटलं होतं. झालं उलटंच.

ते अडीचला घरी पोचायचे आणि कामाला लागायचे. भात कधी कच्चा, कधी करपलेला. पहाटे निघण्याआधी झोपेतल्या धाकटीच्या वेण्या घालायचे, त्या उजाडेपर्यंत सुटायच्या. थोरलीला ते म्हणायचे, "तू नको, तू बस. तू अभ्यास कर. तू खेळायला जा." ती बसायची. पण बसून करणार काय? मैत्रिणी नव्हत्या. खेळ येत नव्हता. पलंगाच्या कडेवर हात मांडीत घेऊन ती नुसती बघत राहायची. सकाळी वडील गेले की जिन्यात उभी राहून धाकटीच्या वेण्या सोडून पुन्हा घालायची. एकदा भाजीत मीठ दोनदा पडलं तेव्हा ती ताट सारून म्हणाली, "तुम्हाला काही येत नाही. आमचं चाललं होतं ना नीट." त्यानंतर ती कामापुरतंच बोलू लागली. हो, नाही, चावी कुठेय. असे दोन महिने गेले. वर्षाच्या शेवटी ती नववीत नापास झाली.

एका दुपारी मी तिकीट मशीन जमा करायला गेले तर ते यार्डाच्या कट्ट्यावर बसलेले दिसले. गणवेश पाण्याने भिजलेला, बूट काढून ठेवलेले.

"बाई, माझं चुकलं का हो?" ते म्हणाले. "मी तिचं ओझं उतरवलं. तर ती माझ्याकडे अशी बघते की मी तिच्या घरात घुसलोय."

खरं सांगायचं तर मला सल्ला देता येत नाही. तोंडाला आलं ते बोलले. "पाच वर्षं घर तिने चालवलं. तुम्ही एका संध्याकाळी येऊन म्हणालात, उद्यापासून नको. आपल्याकडे शिपाई रिटायर झाला तरी त्याला हार घालतात, खुर्चीवर बसवून दोन शब्द बोलतात. तिला काय मिळालं?"

त्यांनी एक बूट उचलून त्यातलं पाणी झटकलं. मग म्हणाले, "हार घालून काय होणार?"

"हार नका घालू. तिचं काम तिच्याकडून शिकून तरी घ्या. नव्या माणसाला आपणही आधी जुन्याबरोबर चार फेऱ्या मारायला लावतो."

शनिवारी ते एक वही घेऊन थोरलीसमोर बसले. म्हणाले, "मला येत नाही हे खरं आहे. तू जे जे करत होतीस ते मला सांग. मी लिहून घेतो." तिने आधी खांदे उडवले. ते उठले नाहीत. मग ती रागारागात सांगू लागली. बघू या किती जमतंय, असा तिचा सूर होता.

ती वही त्यांनी मला पुढे एकदा दाखवली. धाकटीच्या डोक्यावरून एकदम पाणी ओतायचं नाही, आधी खांद्यावर, मग सांगून डोक्यावर. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं असं वाटतं, डॉक्टरांना दाखवायचं राहिलं आहे. मोजे उलटे घालते, शिवण टोचते म्हणून, ओरडायचं नाही. पोट दुखतं म्हणाली आणि तो सोमवार असेल तर दुखत नसतं. इतर वारी असेल तर खरं. चित्रकलेचं सामान हरवलं की आधी पलंगाखाली बघायचं. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुत्र्याला भिते पण कबूल करत नाही, तर जिन्यात आपणच कुत्र्याच्या बाजूने चालायचं. पानामागून पान. पाच वर्षांत त्यांना ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

पाचव्या की सहाव्या पानाला थोरली थांबली. मग म्हणाली, "ती कधीकधी विचारते, आईचा आवाज कसा होता."

"मग?"

"मला नीट आठवत नाही. म्हणून मी माझाच थोडा जाड करून काढते. म्हणते, असा होता." ती वहीकडे बघत म्हणाली, "हे लिहू नका."

त्यांनी लिहिलं नाही. वही मिटून त्यांनी तिला जवळ घेतलं तेव्हा, आई गेल्यापासून पहिल्यांदा, ती रडली. आई गेली त्या दिवशी सगळे रडत होते आणि ती धाकटीला बाहेर फिरवत होती. रडायची तिची वेळ आलीच नव्हती. मग बाप धाकटीलाही जवळ बोलावून दोघींना सांगत बसला, आईचा आवाज खरंच कसा होता. थोडा बसका. हाक मारताना नावाचं शेवटचं अक्षर लांबवायची. रागावली की आवाज चढायचा नाही, उतरायचा. पाच वर्षांत त्या घरात बायकोचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. मुलींना त्रास होईल म्हणून, असं ते स्वतःला सांगत आले होते.

त्यानंतर काही दिवस यार्डात एक गंमत झाली. सावकाशराव जेवणाच्या सुट्टीत सुतळीचे तीन पदर खिळ्याला बांधून वेणी घालायचा सराव करू लागले. पोरं चेष्टा करायची, "राव, दोर वळताय की स्थळ बघताय?" ते म्हणायचे, "परीक्षा आहे माझी. परीक्षक कडक आहे." थोरलीने त्यांना तीन आठवड्यांनी पास केलं, तेही काठावर.

सगळं गोड झालं असं नाही. नववी पुन्हा करताना थोरली सुरुवातीचा महिना दुपारी नुसती झोपायची. शाळेतून आली की दप्तर टाकून आडवी. आत्या येऊन म्हणाली, पोर आळशी झाली. सावकाशराव म्हणाले, "झोपू दे, बाकी आहे तिची." आठवडेच्या आठवडे ती अशी झोपली. मग एकदा मैत्रिणीकडे गेली आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा आली. बाप दारात. मोठं भांडण झालं, दार आपटलं गेलं. दुसऱ्या दिवशी ते मला ते सांगत होते आणि सांगतासांगता त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं. "चक्क खोटं बोलली हो. वाचनालयात होते म्हणाली."

दोघी बहिणींचं मात्र पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही. धाकटी मोठी होत गेली तशी तिला ताईचं सांगणं जाचू लागलं, आणि ताईला सांगितल्यावाचून राहवेना. थोरली पुढे जमीन मोजणीचं शिकायला दुसऱ्या शहरात गेली. तिथेच तिला नोकरी लागली. घरी कमी यायची. एकदा आली असताना तिने बापाला स्पष्ट सांगितलं की तिला मुलं नकोत. "एक वाढवून झालं," म्हणाली. रागाने नाही, पाऊस थांबला असं सांगावं तसं. सावकाशरावांनी ते मनाला लावून घेतलं. मला विचारलंही, हे माझ्यामुळे का. मी म्हटलं, असेलही. पण तिचं तिने ठरवलंय आणि तुम्हाला तोंडावर सांगितलंय, हे पण तुमच्यामुळेच.

त्यांना नदीचा रस्ता परत मिळाला नाही. यार्डातच त्यांची नोकरी संपत आली. शेवटच्या वर्षी थोरली मोजणीच्या कामावर असताना बांधावरून घसरली आणि तिचा घोटा मोडला. ती तेव्हा चोवीस वर्षांची. तिने बापाला फोन केला. पडल्याचं सांगितलं, प्लास्टर घातल्याचं सांगितलं, ऑफिसचे लोक बघतात, काळजी नको, हेही सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही येता का?"

आजवर तिने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. ते चार दिवसांची रजा टाकून गेले. तिच्या एका खोलीत जमिनीवर अंथरूण टाकून राहिले, स्वयंपाक केला, तिला धरून न्हाणीघरापर्यंत नेलं, तिच्या केसांतला गुंता सोडवला. ती बसून सगळं करून घ्यायची. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी भरली तेव्हा ती पलंगावरून म्हणाली, "उद्या जा ना."

त्यांचा मला डेपोत फोन आला, फोरमनला सांगा म्हणून. मी विचारलं, किती दिवस वाढवून सांगू?

"ती जा म्हणेपर्यंत," ते म्हणाले.

फोरमनने कपाळाला आठ्या घातल्या, रजेच्या वहीत तारीख मोकळी सोडली आणि सही केली. ते सोळा दिवसांनी परत आले.